‘एवढ्या आजारपणात मन खचणारच’ म्हणून थांबायचं नाही

माझ्या आत्याची साखरेची एक वही आहे. लांबट, दोनशे पानी, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. डावीकडं तारीख, मग उपाशीपोटीची साखर, मग जेवणानंतरची, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात कारण : ‘लग्नाला गेले होते’, ‘पुरणपोळी १’, ‘रात्री झोप नाही’. मधुमेह निघाला तेव्हापासून १४ वर्षं तिनं हा हिशेब ठेवला. एक वही संपली की दुसरी.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला गावी गेले तेव्हा वही सहज चाळली. आषाढी एकादशीपर्यंत नोंदी होत्या. पुढची पानं कोरी. यंत्राच्या पट्ट्यांची डबी तशीच भरलेली. मी विचारलं, “आत्या, साखर बघत नाहीस होय गं?” ती म्हणाली, “बघून काय करायचंय?” आणि लसूण सोलत राहिली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. काहीच नव्हतं.

घरात प्रत्येकाकडं उत्तर तयार होतं. साखर आहे, बीपी आहे, गुडघे गेलेत, एवढं सगळं असल्यावर माणसाचं मन खचणारच की. ती नेहमी दाखवते त्या डॉक्टरांनीही साधारण हेच सांगितलं होतं : वय झालं, थोडंफार व्हायचंच, पथ्य सांभाळा.

हे वाक्य मायेनंच बोललं जातं, पण सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं असं माझं मत झालंय. कारण समजलं की उपचाराची गरज संपली, असं आपण धरून चालतो. न्हाणीघरात पाय घसरला तर हाड मोडणं साहजिक आहे, पण म्हणून कुणी प्लास्टर घालायचं थांबत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

आधी जुनाट आजार आणि नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, या दोन्हींचं नातं किती जवळचं आहे ते पाहू. मधुमेह असलेल्या लोकांत नैराश्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या साधारण दुप्पट असतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पाचांपैकी एकाला नैराश्य गाठतं, पक्षाघातानंतर तिघांपैकी एकाला. संधिवात, दमा, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, कंपवात, कुठंही बघा, थोड्याफार फरकानं हेच चित्र. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार एकट्या मधुमेहाचे आपल्या देशात १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. म्हणजे हा काही मोजक्या हळव्या माणसांचा प्रश्न नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं ६० देशांतल्या सुमारे २ लाख ४५ हजार लोकांची माहिती गोळा केली होती. तिचे निष्कर्ष २००७ साली आले. छातीत दुखणं, संधिवात, दमा, मधुमेह यांपैकी एखादा आजार आणि जोडीला नैराश्य, अशा माणसांची तब्येत सगळ्यांत वाईट निघाली. नुसते दोन शारीरिक आजार एकत्र असण्यापेक्षाही वाईट.

हे नातं एकाच दिशेनं जात नाही. सतराव्या शतकात थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्यानं लिहून ठेवलं होतं की दीर्घ दुःखातून मधुमेह होतो. त्याचं कारण-परिणामाचं गणित भाबडं होतं, पण निरीक्षण पूर्ण चुकीचं नव्हतं. ज्यांना आधी नैराश्य असतं त्यांना पुढं टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता वाढते, हे आता पुन्हा पुन्हा दिसून आलंय. हृदयविकाराचंही तसंच. माँट्रियलमध्ये झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य होतं, त्यांचा पुढच्या ६ महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट निघाला, हृदयाची अवस्था किती वाईट होती हे हिशेबात धरूनही.

असं का होतं? पहिलं उत्तर प्रत्येक घराला माहीत आहे. जुनाट आजार म्हणजे सुट्टी नसलेली नोकरी. सकाळी उठल्यावर बोट टोचायचं, जेवणाआधीची गोळी, जेवणानंतरची गोळी, पायाला जखम झाली का बघायचं, महिन्याचा औषधाचा खर्च, लग्नात जिलबीच्या ताटाकडं बघून हात मागं घ्यायचा आणि वर चार लोकांसमोर “तुम्हाला चालतं का?” हे ऐकायचं. नैराश्य आलं की ही नोकरी सुटते. गोळी राहते, चालणं बंद होतं, साखर चढते. चढलेल्या साखरेनं थकवा वाढतो, रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, झोप मोडते. मग मन आणखी खाली जातं. आत्याच्या कोऱ्या पानांचा अर्थ एवढाच होता. आळस किंवा निष्काळजीपणा म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तो कितीदा तरी आजारच असतो.

दुसरं उत्तर शरीराच्या आतलं आहे. ते कमी लोकांना माहीत असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ताप आलेला दिवस आठवा. चादर ओढून पडून राहावंसं वाटतं. जेवण नको, टीव्ही नको, कुणी येऊन गप्पा मारू नयेत. हे आपण ठरवून करत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू हुकूम काढतो : सगळं बंद करा, शक्ती वाचवा. तीन दिवसांच्या तापात हा हुकूम शहाणपणाचा असतो. पण संधिवातात, मधुमेहात, पोटावरच्या जास्तीच्या चरबीत अशीच दाहाची, म्हणजे पेशींच्या या लढाईची, धग बारीक आचेवर वर्षानुवर्षं चालू राहते. निरोप येतच राहतात, आणि काही माणसांचा मेंदू ‘सगळं बंद’ याच अवस्थेत अडकतो.

हा नुसता तर्क नाही. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर नव्या गोळ्या येण्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. इंटरफेरॉन म्हणजे शरीर स्वतःच बनवतं त्या लढाऊ रसायनांपैकीच एक. ही इंजेक्शनं घेणाऱ्या साधारण चौघांतल्या एकाला काही आठवड्यांत खरंखुरं नैराश्य यायचं. आधी कधी मन खचलं नव्हतं अशांनाही. घरात काही वाईट घडलेलं नसायचं. बदललेलं असायचं ते रक्तातलं रसायन. प्रत्येकाचं नैराश्य दाहातूनच येतं असा याचा अर्थ नाही. पण ‘मनाचं दुखणं मनातच असतं, मन घट्ट केलं की जातं’ या समजुतीला यापुढं फारशी जागा उरत नाही.

तणावाच्या संप्रेरकाची गोष्टही अशीच. मन सतत ताणाखाली असलं की कॉर्टिसोल वाढलेलं राहतं आणि कॉर्टिसोल साखर वाढवतं. म्हणजे पथ्य पाळूनही आकडा चढू शकतो. मग पेशंट म्हणतो, एवढं करून काय उपयोग?

आता अवघड भाग. ओळखायचं कसं? थकवा, झोप उडणं, भूक मरणं, वजन उतरणं ही नैराश्याची लक्षणं, आणि वाढलेल्या साखरेची, मूत्रपिंडाच्या आजाराची, थायरॉइडचीही तीच. शिवाय आपल्याकडं “मला उदास वाटतंय” असं कुणी म्हणत नाही. डोकं जड झालंय, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, अंगातलं वारं गेलंय, जीव घाबरा होतो, कंटाळा आलाय असं म्हणतात. डॉक्टर छातीचा आलेख काढतात, तो नॉर्मल येतो, आणि विषय तिथंच संपतो.

शरीराच्या थकव्यानं माणूस काही करू शकत नाही, पण त्याला करावंसं वाटत असतं. नैराश्यात ते वाटणंच जातं. आत्या एकादशीच्या भजनाला जायची बंद झाली, तेव्हा सगळ्यांनी गुडघ्यांवर ढकललं, मीसुद्धा. पण श्रावणात मंडळ शेजारच्याच घरी आलं होतं, मधे फक्त एक भिंत. टाळ तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होते. ती ओसरीवरसुद्धा आली नाही. वहिनीनं हे नंतर बोलता बोलता सांगितलं, आणि मला तेव्हा उमगलं की हे गुडघ्यांचं काम नाही.

त्यासोबत आणखी दोन गोष्टींकडं लक्ष ठेवावं. एक, अपराधीपणा : “माझ्यामुळं सगळ्यांना त्रास”, “मी ओझं झालेय”. दोन, पुढचं काहीच न दिसणं. हे दोन्ही साध्या साखरेनं होत नाही.

डॉक्टर लोक यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत हे-हे किती दिवस झालं, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर नीट तपासणी करायलाच हवी. त्यातले पहिले दोनच प्रश्न घरीही विचारता येतात : कशात रस वाटत नाही असं किती दिवस झालं? मन खाली-खाली, हताश वाटतंय असं किती दिवस झालं? दोन आठवडे, बहुतेक दिवस, असं उत्तर आलं तर थांबू नका.

मात्र मनाचं नाव घेण्याआधी काही तपासण्या खरंच करून घ्याव्यात. थायरॉइड मंद असलं की हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. हिमोग्लोबिन कमी असलं तरी माणूस गळून जातो. आणि बी-१२. मधुमेहाची सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. बी-१२ उतरलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, मनही उतरतं. इतकी साधी रक्ततपासणी, पण कुणी सुचवल्याशिवाय होत नाही. संधिवातावर किंवा दम्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही मन वर-खाली होतं. यातलं कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं.

आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. पथ्याचा वीट येणं म्हणजे नैराश्य नव्हे. मधुमेहातल्या या वैतागाला १९९५पासून संशोधक वेगळं मोजतात. आकड्यांची भीती, पुढं डोळे जातील का ही धास्ती, घरच्यांची सततची टोकाटोकी. यातल्या माणसाला नातवंडांत रमता येतं, सिनेमा बघून हसता येतं. आजाराचा विषय निघाला की तेवढं तोंड कडू होतं. त्याला मनाची गोळी नको असते. वेळापत्रक सोपं करून हवं असतं, कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं, आणि ‘साखर खाल्लीस ना?’ हा प्रश्न घरातून हद्दपार व्हायला हवा असतो.

उपचारांचं बोलायचं तर सगळ्यांत आशा वाटावी असं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालंय. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथं ‘संगत’ ही संस्था सुरू केली. मनोविकारतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण हजारोंनी, तर करायचं काय? त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेली, तिथलीच भाषा बोलणारी माणसं निवडली, त्यांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. ४९५ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याचे रुग्णही नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा जास्त संख्येनं सावरले.

त्या बैठकांत काय करायचे ते कळलं की घरच्यांनाही उपयोग होतो. आपण समजतो, आधी बरं वाटेल, मग माणूस उठून कामाला लागेल. ही पद्धत उलटं सांगते : आधी अगदी छोटं काही करायचं, वाटेल न वाटेल. बरं वाटणं मागून येतं. ‘रोज अर्धा तास चाला’ हे खचलेल्या माणसाला डोंगराएवढं असतं. ‘चहा झाला की तुळशीला पाणी घालून दहा मिनिटं कट्ट्यावर बसायचं’ हे जमतं. केलं की लिहून ठेवायचं, पुढच्या आठवड्यात त्यात एक वाढवायचं. ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला आणि हे, यात फार अंतर आहे. पहिल्यात करायचं काय तेच सांगितलेलं नसतं.

मधुमेह आणि नैराश्य दोन्ही एकत्र हाताळायचा प्रयोगही भारतात झाला. चार दवाखान्यांतल्या ४०४ रुग्णांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात समन्वयक म्हणून एक व्यक्ती असायची. ती रुग्णाला नियमित फोन करायची, गोळ्या, साखर, बीपी आणि मन या सगळ्यांची एकत्र विचारपूस करायची आणि डॉक्टरांना कळवायची. दोन वर्षांनी पाहिलं तर नैराश्य निम्म्यावर आलं आणि जोडीला साखर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारलं, असे रुग्ण शंभरात सुमारे ७२ होते. नेहमीच्या उपचारांत ५७. एकाच माणसानं शरीर आणि मन दोन्हींची चौकशी करणं, हा त्यातला एक मुख्य बदल होता.

गोळ्यांबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे, म्हणून स्पष्ट सांगते. नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या चटक लावत नाहीत. मात्र त्या एकदम सोडायच्याही नाहीत, हळूहळू कमी करायच्या असतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि बहुतेक लोक नेमके दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. हृदयविकार असलेल्यांना सर्ट्रालीन सुरक्षितपणे देता येते हे २००२पासून माहीत आहे. काही जुन्या गोळ्या मात्र हृदयाला जपून द्याव्या लागतात. डुलॉक्सेटीन हे नैराश्याचं औषध मधुमेहामुळं पायांची आग होते त्यावरही चालतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडं जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची. आयुर्वेदिक असतील तर तीही.

आणि हो, नैराश्यावर उपचार केले की साखर आपोआप उतरते असं नाही. मन सुधारतं, साखर कधी सुधारते, कधी जिथल्या तिथं राहते. तिच्यासाठी वेगळं काम करावं लागतं. पण ते काम करायला माणूस तेव्हा जागेवर असतो.

“जगून काय करायचं आता” हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सहज येतं आणि आपण ते सोडून देतो. सोडू नका. जवळ बसून सरळ विचारा : “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आपल्या ताब्यात घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ऑक्टोबर २०२२पासून ती चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. सोबत राहून सेवा करणाऱ्यांनीही हा नंबर स्वतःसाठी वापरावा. वर्षानुवर्षं उशाशी बसलेल्या सुनेचं किंवा नवऱ्याचं मनही झिजतं आणि त्यांना कुणी विचारत नाही.

आत्याच्या वेळी आम्ही एक गोष्ट केली, ती कुणालाही करता येईल. डॉक्टरांकडं पाच-सात मिनिटंच मिळतात, आणि आत जाऊन बसलं की आत्या “बरं आहे” म्हणणार हे ठरलेलं. म्हणून कागदावर लिहून नेलं : दोन महिने झाले, कशात मन नाही, पहाटे ३ वाजता जाग येते, साखर बघणं सोडलंय, भजनाला जात नाही, मी ओझं आहे म्हणते. बसल्या बसल्या तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच त्यांनी तिला पथ्य सोडून दुसरं काही विचारलं.

नऊ प्रश्नांची बेरीज १६ आली. बी-१२ही बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. “मला काय वेड लागलंय का?” म्हणून ती पहिल्या दिवशी गाडीत बसायला तयार नव्हती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही फरक नव्हता. नंतर एक दिवस तिनं आपणहून चटणी कुटायला घेतली. एवढंच. दिवाळीत एकदा पुन्हा घसरली, आठवडाभर अंथरुणात होती. गोळीचं प्रमाण बदलावं लागलं.

परवा गेले होते तेव्हा वही फळीवर होती. मधली कोरी पानं तिनं तशीच सोडलीत आणि पुढं नव्यानं रकाने आखलेत. शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती : ‘उपाशी १४२. मंडळात गेले. गुडघा दुखला.’